खोकला आला की मान वळवायची

आमच्या खोलीत कुणाला खोकला आला की बाकीच्यांनी मान वळवायची. हे कुणी भिंतीवर लिहून ठेवलेलं नाही, पण पहिल्याच दिवशी कळतं. खोकताना माणसाचं तोंड कसं होतं, रुमालात काय येतं, ते दुसऱ्यानं बघू नये. क्षयाच्या इस्पितळात आणखी कसली लाज राखणार? झगा सरकारी, वाटी सरकारी, थुंकीच्या डबीवरसुद्धा नाव चिकटवलेलं. एवढी एक मान वळवणं तेवढं आपल्या हातात.

मी दारिका. ओश शहराच्या बाजारात बूट विकायचे. माझा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा, आता एकाच फुप्फुसावर दीड गल्ली जातो. खोलीत चार खाटा. खिडकीपाशी झुराकान अपा, सगळी हयात मेंढ्यांमागे डोंगरावर गेलेली म्हातारी. तिच्या समोर ल्युबा, शिवणकामाच्या कारखान्यातली रशियन बाई, पत्त्यांचा कॅट तिचा. मग मी. चौथी खाट उन्हाळाभर रिकामी होती. सफरचंदं उतरायच्या दिवसांत तिच्यावर बेगायम आली.

पोर पंचविशीचीही नसेल. चार वर्षांचा मुलगा घरी सासूजवळ ठेवून आलेली. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी अपा म्हणाली, "ए सुनबाई, भिंतीतून दूध निघतंय का? ऊठ. चौथा गडी नाही म्हणून आमचा डाव अडलाय."

"मला पत्ते येत नाहीत, अपा. घरी हात लावू देत नाहीत."

"इथं कुठं घर आहे? बस."

खेळ दुराकचा. दुराक म्हणजे येडा. आमच्या मुलखात पोर चालायला लागलं की हा खेळ शिकतं, बेगायमची सासू तेवढी निराळी. ल्युबानं पत्ते पिसता पिसता समजावलं. "हे बघ, छक्कीपासून वरचे पत्ते. प्रत्येकीला सहा. तळाचा पत्ता उघडा ठेवायचा, त्याचा रंग तो हुकूम. मी तुझ्यावर पान टाकणार. तू त्याच रंगाचं मोठं पान टाकून मारायचंस, नाहीतर हुकूम लावायचास. दोन्ही नसेल तर सगळं उचलायचं. कॅट संपला की जिचे हातातले पत्ते संपतील ती सुटली."

"आणि जिंकतं कोण?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "या खेळात जिंकणं नसतंच बाई. सगळ्या सुटतात, एक अडकते. ती येडी. तिनं बॉयलरवरून गरम पाणी आणायचं, सगळ्यांचा चहा करायचा, आणि दुसरा डाव होईपर्यंत येडी म्हटलं की ओ द्यायची."

"आणि शेवटचा हात छक्क्यांचा पडला," अपा डोळे बारीक करून म्हणाली, "तर त्या दोन छक्क्या येडीच्या दोन खांद्यांवर. जनरलच्या बिल्ल्यांसारख्या. चहा होईपर्यंत पडू द्यायच्या नाहीत."

बेगायम हरली. दुसऱ्या दिवशी हरली, तिसऱ्या दिवशीही. पत्ते उचलायची तिला भारी धास्ती. छक्कीवर हुकमाचा राजा मारायची.

"अगं, हुकूम म्हणजे काय नवऱ्याचे पैसे आहेत, हातात आले की उडवायला?" अपा कपाळाला हात लावायची. "उचल की! उचलण्यात लाज कसली? कॅट शिल्लक आहे तोवर कुणी हरत नसतं."

एक दिवस माझ्या हातात शेवटी दोन छक्क्या राहिल्या आणि मी त्या थाटात तिच्या खांद्यांवर ठेवल्या. "चला जनरलीणबाई, चहा!" आम्ही हसलो. ती उभी राहिली आणि तशीच रडायला लागली. घरी सासू तिला दिवसभर येडीच म्हणायची, नावानं हाक मारायचीच नाही. मला कुठं ठाऊक? जीभ चावली मी. तो चहा मीच केला.

मग अपानं तिला आपली विद्या दिली. आमच्या खोलीत आणखी एक नियम होता. चोरी पकडली तर पत्ता परत घ्यायचा, नाही पकडली तर ती चोरीच नव्हे. आणि अपासारखी चोर साऱ्या इस्पितळात नव्हती. नकोसा पत्ता तिच्या हातून कुठं जायचा कुणाला कळत नसे.

"बघ," अपा तिला म्हणाली. "पत्ता तळव्यात. अस्सा. आता खोकायचं. खोकलं की या सगळ्या भल्या बायका काय करतात?"

"मान वळवतात."

"मग हात तोंडाकडे, आणि पत्ता झग्याच्या बाहीत. कोपर जरा वर धरायचं, म्हणजे आत सरकतो. झालं."

"अहो अपा, हे पाप आहे," ल्युबा म्हणाली. "खोकल्याची मस्करी?"

"खोकल्यानं माझी एवढी मस्करी केली, मी एवढीशी करते. फिटंफाट." आणि अपाला खरोखरचा खोकला आला. आम्ही माना वळवल्या. परत बघतो तर तिच्या हातात एक पत्ता कमी! बेगायम पहिल्यांदा हसली. गालाला खळी पडायची पोरीच्या. त्या दिवसापासून ती खेळायला लागली आणि हां हां म्हणता आमच्या सगळ्यांच्या वरताण झाली.

रविवारी भेटीचा दिवस. भेटणाऱ्यांना वर सोडत नाहीत. ते खिडकीखाली उभे राहतात, आम्ही दोरीला पिशवी बांधून खाली सोडतो. बेगायमकडे तिची धाकटी बहीण नुरझादा यायची. पिशवीत कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे खडे, घालायची, कधी जर्दाळूचा मुरंबा. बेगायमच्या मुलाला, एल्दियारला, कडेवर उचलून दाखवायची. लाल टोपी, नाक वाहतंय, आणि पोरगा खोकायचा. कोरडा, खणखणीत खोकला, दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा.

"दवाखान्यात ने त्याला!" बेगायम वरून ओरडायची.

"तुझी सासू नेऊ देत नाही, ताई! म्हणते सर्दी आहे. म्हणते, एक नाव लागलं घराला तेवढं पुरे, दुसरं लागलं तर तुझ्या नणंदेचं लग्न होणार नाही!"

मी भडकून बेगायमला विचारलं. "तुझा नवरा काय मेलाय का?"

"तो मॉस्कोत आहे, एजे," बेगायम म्हणाली. आमच्यात थोरल्या बाईला एजे म्हणतात, ताईसारखं. "बांधकामावर. आईपुढे तो बोलत नाही."

"आग लागो त्या लग्नाला! डॉक्टरांना सांग, ते माणूस पाठवतील घरी."

"सांगितलं तर सासू त्याला इथं आणूच देणार नाही. माझ्या डोळ्यांना तेवढाच दिसतो." मुरंब्याची रिकामी बरणी फडक्यात बांधून तिनं पिशवीतून खाली सोडली. दर रविवारी बरणी खाली जायची आणि भरून वर यायची. चांगली बहीण आहे, असं मी मनात म्हटलं.

औषधं सकाळी. क्लारा एजे, आमची नर्स, वाटीत मूठभर गोळ्या घेऊन खाटेसमोर उभी राहायची. गिळल्याशिवाय हलायची नाही. "तोंड उघड. जीभ वर कर. शाबास." त्या गोळ्या म्हणजे छळ. पोट ढवळतं, कानात घंटा वाजतात, स्वप्नंसुद्धा कडू पडतात. बेगायम कधी कुरकुरली नाही. मूठ तोंडाशी न्यायची, मध्येच तिला खोकला यायचा, क्लारा एजे मान वळवायची. तिची सारी नोकरी इथंच झालेली, तिलाही आमचीच सवय. मग पाणी, तोंड उघड, जीभ वर, शाबास.

हिवाळा सरत आला. ल्युबाची थुंकी साफ आली, माझी साफ आली. अपासुद्धा चार पावलं जास्त चालायला लागली. बेगायम मात्र वाळत चालली. खळी गेली, तिथं खड्डा पडला. डॉक्टर केनेशबेक कागद हातात घेऊन तिच्या खाटेपाशी उभे राहिले. चांगला माणूस, त्याला खोटं बोलता येत नसे.

"बेटा, औषध घेतेस ना?"

"घेते, डॉक्टर. क्लारा एजेंना विचारा."

"समोर उभी राहून देते मी," क्लारा एजे म्हणाली. तिला राग आला होता, आणि रास्तच होता.

त्याच दुपारी आम्ही डावाला बसलो. बदाम हुकूम होता. बेगायमला खोकला आला, आम्ही माना वळवल्या, पण अपानं नाही वळवली. शिष्य गुरूला गंडवायला निघालाय म्हणून म्हातारीला लई गंमत वाटत होती. तिनं झडप घालून बेगायमचं मनगट धरलं. "पकडली! चोरावर मोर व्हायला निघालीस! काढ, कुठली राणी लपवलीस?" आणि हसत हसत तिनं बेगायमची बाही झटकली.

बाहीतून किल्वरची सत्ती पडली. तिच्यामागून गोळ्या पडल्या. दोन पिवळ्या, एक पांढरी, आणि लाल-काळ्या दोन. पत्त्यांवर टपटप आवाज झाला. एक घरंगळत माझ्या गुडघ्याशी आली.

मग मीच बोलले, आणि काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. "अगं करंटे! लोक या गोळ्यांसाठी दारोदार फिरतात! जीव नकोसा झालाय का तुला?"

"एल्दियारसाठी," ती म्हणाली. "अर्ध्या मी घेते, एजे. खरंच घेते. अर्ध्या त्याला पाठवते. नुरझादा मुरंब्यात कुटून घालते. सासूला कळत नाही. त्याला माझाच रोग लागलाय, मग माझंच औषध चालेल ना?"

"कधीपासून?" ल्युबानं विचारलं.

बेगायमनं अपाकडे पाहिलं. तेवढ्यानं आम्हाला कळलं.

अपाचा हात अजून तिच्या मनगटावर होता. म्हातारीचं तोंड राखेसारखं झालं होतं. बेगायमनं तिचे पाय धरले. "सांगू नका, अपा. सांगितलं तर त्याचं औषध बंद होईल. मी मोठी आहे, मला अर्धं पुरतं." अपानं पाय सोडवून घेतले, खाटेखालून चपला काढल्या, त्या पाच गोळ्या रुमालात गोळा केल्या आणि भिंतीला धरत धरत डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. बेगायम मागून ओरडत होती. म्हातारीनं मागं पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात सरकारी गाडी बेगायमच्या गावी गेली. सासूनं अंगणात उभं राहून शिव्याशाप दिले म्हणे, पण पोराला घेऊन गेले. छातीचा फोटो काढला, रक्त काढलं, सगळं केलं.

डॉक्टर केनेशबेक आमच्या खोलीत आले ते स्टूल ओढून बसले. डॉक्टर बसले की बातमी वाईट. दोन बातम्या होत्या.

"तुझा मुलगा साफ आहे," ते म्हणाले. "काही नाही त्याला. चुलीचं धुराडं फुटलेलं आहे, कोळशाचा धूर सगळा खोलीत येतो. आमच्या माणसानंच पत्रा ठोकून दिला. खोकला थांबलाय."

"रोग नव्हताच?"

"नव्हताच."

"गोळ्यांनी बरा झाला असेल."

"नाही बेटा. तो गोळ्या ओकून टाकायचा. तुझ्या बहिणीनं रडत सांगितलं."

दुसरी बातमी सांगायला त्यांना वेळ लागला. अर्ध्या औषधानं रोग मरत नाही, शहाणा होतो. बेगायमचा रोग आता इतका शहाणा झाला होता, की कपाटातलं एकही औषध त्याला मारत नव्हतं. जास्त जालीम औषध राजधानीतून मागवलंय, ते म्हणाले. येईल तेव्हा येईल. तोवर तिला मागच्या इमारतीत हलवावं लागेल. मागच्या इमारतीत एकेका खोलीत एकेकच खाट असते. तिथून कुणी आमच्याकडे परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. एका फुटक्या धुराड्यापायी! एक पत्रा, चार खिळे! सासूच्या झिंज्या उपटाव्यात, नवऱ्याला मॉस्कोतून फरफटत आणावं, असं वाटलं. आणि बेगायम? ती डॉक्टरांचा हात धरून हसत होती. खड्ड्यातून खळी परत आली होती. "सुटला," ती म्हणत होती. "ऐकलंत का, दारिका एजे? माझा एल्दियार सुटला!"

हलवायच्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "एक डाव खेळू या." तिला बसवत नव्हतं. ल्युबानं मागं उशी लावली. पत्ते वाटले. चौकट हुकूम. पोरीच्या हाताला वजन पेलवत नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. माझ्यावर अशी पानं टाकली की मी चारदा उचललं. तरी शेवटी आली वेळ. ल्युबा सुटली. मागोमाग मी सुटले. बेगायमच्या हातात तीन पत्ते, अपाच्या हातात दोन, आणि अपाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्या दोन्ही छक्क्या आहेत.

बेगायमला खोकला आला. हा खरा होता. लांबत गेला, संपेचना. मी मान वळवली, ल्युबानं वळवली. खिडकीबाहेर बर्फ वितळून दोरीवरून थेंब गळत होते, तेच बघत राहिले.

वळून पाहिलं तर बेगायमचे हात रिकामे. तिन्ही पत्ते अपाच्या हातात, आणि दोन्ही छक्क्या बेगायमच्या पुढ्यात उताण्या, जणू तिनंच शेवटचा हात टाकलाय.

"अपा," बेगायम दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही चोरी केलीत."

"पकडलीस का?"

"नाही."

"मग ती चोरी नव्हे. ठेव छक्क्या."

अपानं खांदे पुढे केले. बेगायमला हात उचलवेना, म्हणून मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून त्या छक्क्या म्हातारीच्या खांद्यांवर ठेवल्या. अपा उठली, ताठ मान करून किटली घेतली आणि बॉयलरकडे निघाली. दारात क्लारा एजे चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. ती बाजूला झाली, म्हातारीला वाट दिली, आणि हसली नाही.

"चहा होईपर्यंत थांबा," मी तिला म्हणाले.

"थांबते."

बेगायमला पुन्हा खोकला आला. या वेळी मी मान वळवली नाही.