आबांची डावी मूठ

दुपारी बाराला अंगणात अर्धं गाव जमलं होतं, आणि सगळ्यांची नजर झुलाल आबांच्या डाव्या मुठीवर होती. आबा काल सकाळी गेले. थोरला मुलगा सुरतेहून अजून पोचायचा होता म्हणून त्यांना ओसरीवर ठेवलं होतं. मे महिना, तेव्हा आज पहाटे अमळनेरहून बर्फ आणला. रात्रभर दोन्ही मुठी दगडासारख्या आवळलेल्या. आता उजवी सैल पडली होती. डावी उघडेना.

"उजवा हात देवना, डावा हात बाईना!" वना भगताने अंगारा उधळला. "आबाना जीव सूनमा अडकेल शे. कुंदाबाई उंबराबाहेर गई का मूठ उघडी जाई!"

गेल्या वर्षी या थोरल्या सुनेने, कुंदाबाईने, आपल्या पोराचा ताप भगताच्या दोऱ्याऐवजी डॉक्टरच्या इंजेक्शनने उतरवला होता. मुठीला हे कुठून कळलं, कोण जाणे.

आबांची बहीण तानुबाई हिने सुनेची पिशवी भरूनही टाकली. पाचोऱ्याची एसटी दोनला होती. "जाय माय माहेरले. मना भाऊले मोकया व्हऊ दे."

कुंदाबाईने पिशवी उचलली.

आबांचा धाकटा मुलगा पंडित कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. कालपासून त्याला काहीच वाटत नव्हतं; रडू नाही, भूकही नाही. बापाच्या हाताकडे तो प्रयोगशाळेतल्या नमुन्याकडे बघावं तसा बघत होता. म्हणूनच त्याला बर्फ दिसला. बर्फ आणणाऱ्या शेजाऱ्याला त्याने विचारलं,

"चुडामणभाऊ, लादी फोडून दोन्हीकडे लावायची होती ना? सगळी डावीकडे कोणी लावली?"

"भगतनी. म्हने, लोके उजवीकडथून पाया पडतीन."

"काढा ती. वहिनी, पिशवी ठेवा. आबांचा हात धरून बसा."

"बाई शिवनी तं मूठ जनमभर उघडनार नई!" भगत ओरडला.

"जन्म संपलाय त्यांचा," पंडित म्हणाला.

मग तो वर्गात बोलावं तसं, सपाट आवाजात बोलू लागला. स्नायूत दोन प्रथिनांचे धागे असतात, जाड मायोसिन आणि बारीक ॲक्टिन. मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात. पकड सोडवायला ताकद लागते, आणि ती जिवंत शरीर पुरवतं. माणूस मेला की पुरवठा बंद. पकड तशीच राहते, अंग ताठतं. पुढे प्रथिनंच तुटू लागतात, मग अंग सैल पडतं. उन्हाळ्यात लवकर, बर्फात उशिरा.

"चाळीस गावांची मढी बघितलेल्या भगताला एवढं कळतंच," तो म्हणाला.

दोनला एसटीचा हॉर्न वाजला. कोणी उठलं नाही. कुंदाबाईची बोटं गारठून बधिर झाली. तिने हात बदलला नाही. चारच्या सुमारास आबांची बोटं तिच्या हातात एकेक करून सैल पडली. मुठीत काहीच नव्हतं.

"देखा, मना अंगारा लागू पडना," भगताने श्रेय घेतलं.

"पण बाई तं शिवेल शे ना, भगत?" चुडामणने विचारलं. भगताला अचानक दुसऱ्या गावी काम आठवलं.

तानुबाईने पिशवीतली लुगडी काढून परत दांडीवर टाकली. सुनेकडे तिने बघितलं नाही. पंडितला अजूनही रडू येत नव्हतं.

तेव्हा मंडळी, मेलेल्या माणसाची मूठ उघडेना, तर आधी बर्फ कुठे ठेवलाय ते बघा. सून जिथे आहे तिथे राहू द्या.