कुशाबाचं मरण

भाताची झोडणी उरकली की कापडे गावात एकच विषय निघे: यंदा नाटक कुठलं? नाटक ठरायचं मुंबईत, गिरणीत कामाला असलेल्या गाववाल्यांच्या मंडळात, आणि व्हायचं माघातल्या जत्रेत. तोवर गाव नुसते तर्क लढवी.

कुशाबाला त्याची गरज नव्हती. नाटक कुठलंही असो, त्यात मरायचं कुशाबानंच. नऊ वर्षं तो मरत आला होता. कधी तलवारीनं, कधी विषानं, एकदा तर नुसती वाईट बातमी ऐकून. त्याचं मरण बघायला पार दासगावची माणसं येत. यंदा डाव्या कुशीवर पडावं की उताणं, याचा सराव त्यानं गोठ्यातल्या पेंढ्यावर सुरूही केला होता.

मंडळाचा सहदेव एसटीतून उतरला तो वही नाचवतच. "यंदा संगीत नाटक! एकदम मॉडर्न! पंधरा पदं, नुसतं हसायचं, शेवटाला लगीन."

"आन मरतो कोन?" कुशाबानं विचारलं.

"कोनीच नाय."

कुशाबा मटकन खाली बसला. त्याला मिळाला होता नवरीचा बाप. आशीर्वाद द्यायचा आणि एक पद म्हणायचं.

दोन दिवस तो नीट जेवला नाही. शेवटी बायको, रंगूबाई, म्हणाली, "अवो, नऊ वर्सं चारचौघांत माझं कुकू पुसताय. यंदा गा की गुमान!"

पहिली तालीम देवळात झाली. कुशाबानं नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवले, आशीर्वाद दिला आणि धाडकन कोसळला.

"आरं, लग्नात मरतंय का कोनी?" सहदेव ओरडला.

"लई आनंद झाला मला," कुशाबा पडल्या पडल्या म्हणाला.

सहदेवनं त्याला बखोट धरून उठवलं नि पद म्हणायला लावलं. कुशाबानं डोळे मिटले, सूर लावला. पेटीवाला दचकून थांबला. देवळामागची म्हातारी राहीबाई "गो, कुनाला काय झालं?" म्हणत काठी टेकत धावत आली. खालच्या शेतात चरणारी गुरं शेपट्या वर करून डोंगराकडे पळाली आणि ती परत आणायला निम्मे नट गेले.

हे आठ दिवस चाललं. कुशाबा मन लावून गाई, गाव कान झाकून घेई. नवव्या दिवशी पाचपन्नास माणसं सहदेवच्या दारात उभी राहिली. पुढं खुद्द रंगूबाई.

"भावजी," ती हात जोडून म्हणाली, "मरू द्या ओ त्यांना!"

सहदेवनं निमूटपणे पेन्सिल घेतली आणि पद खोडून लिहिलं: नवरीच्या बापाला आनंदानं उचकी लागते.

जत्रेत कुशाबा त्या उचकीनं चांगला पाऊण तास मेला. नवरा-नवरी हार हातात घेऊन ताटकळत उभी होती. तिसऱ्या आचक्याला नवरीचं काम करणारा भिकू खाली वाकून कळवळून म्हणाला, "बाबा, लवकर आटपा, लुगडं सुटतंय!"