राणी रंगाची घडी

हेमाची जीभ कशी होती ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. एकदा मंडईत तिने भाजीवाल्याला असं काही सुनावलं की त्याच्या टोपलीतल्या हिरव्या मिरच्या जागच्या जागी लाल झाल्या. खोटं वाटत असेल, पण त्यातल्या पाव किलो मी स्वतः घरी आणल्या होत्या. तिखट होत्या.

ही हेमा म्हणजे माझा मित्र माधव याची धाकटी भावजय. माधवची बायको ललिता, ती थोरली जाऊ. नारायण पेठेत दोघी एकाच घरात नांदल्या आणि मी खालच्या मजल्यावरचा भाडेकरू. वर फोडणी कशाची पडली आणि कोण कोणाला काय बोललं, हे वरच्यांच्या आधी मला कळायचं.

ललितावहिनी घरी फॉल-पिको करायच्या. निम्म्या पेठेच्या साड्या त्यांच्या मशीनखालून गेल्या. साडी परत देताना त्या हमखास सांगायच्या, "दर दिवाळीला बाहेर काढा हो, घडी बदला. रेशीम एकाच घडीवर पडून राहिलं की तिथेच विरतं." मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी असले रंग दिवसभर मांडीवर घेऊन बसणारी ही बाई स्वतः मात्र बिस्किटी नेसायची. बिस्किटी, राखाडी, फार तर सायीचा. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी एकदाच सांगितलं होतं, "काळ्या अंगाला भडक रंग हसतात." एकदाच सांगितलं, पण ते पुरलं.

आणि अशा बाईने एक दिवस स्वतःच्या कमाईतून, कोणालाही न विचारता, लक्ष्मी रोडवरून राणी रंगाची पैठणी आणली. तो रंग काय सांगू! समोरच्यांचा पोपट, ज्याला आयुष्यभर स्वतःच्या हिरव्याचा गर्व, त्याने खिडकीतून तो पदर पाहिला आणि दोन दिवस डाळ सोडली.

आता, नव्या साडीची घडी आपली आपण मोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. आधी जवळच्या बाईला नेसायला द्यायची, तिने मिरवून परत केली की मग आपण. वहिनींनी साडी हेमाच्या हातात दिली. "हेमा, तू मोड घडी."

हेमाने नुसता पदर खांद्याला लावला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, हा रंग गोऱ्या माणसाचा. मी नेसले की परत मागू नका हं. तुमच्या अंगावर बिचारी रुसून बसेल."

माधव हसला. नवराच हसला म्हटल्यावर त्या वाक्यावर शिक्का बसला. वहिनींनी पदर हेमाच्या खांद्यावरून काढून घेतला, होता तसा घडीत सरकवला आणि साडी ट्रंकेत ठेवली.

भांडण असं झालंच नाही. पुण्यात त्याची गरज पडत नाही. हेमा पुढे कोथरूडला राहायला गेली. सणावारी दोघी भेटायच्या.

"आमटीत गूळ जास्त झालाय, वहिनी."

"तुमच्याकडे घालतच नाहीत ना, म्हणून लागला असेल."

इतपत बोलणं. ट्रंकेचं नाव दोघींनीही काढलं नाही. मशीन गंजलं, माधवही गेला, वहिनींचे केस पांढरे झाले. बिस्किटी रंग तेवढा टिकला.

गेल्या मार्गशीर्षात वहिनींच्या नातीचं, ओवीचं लग्न ठरलं. मी चहाला वर गेलो होतो तेव्हा ती आजीच्या मागे लागली होती.

"आजी, माझ्या लग्नात तरी तो बिस्किटाचा पुडा नेसून येऊ नकोस, प्लीज! ट्रंकेत ती राणी कलरची पैठणी आहे ना, ती नेस."

"तिची घडी मोडलेली नाही."

"मग मी मोडते."

"नाही. जिच्या हातात दिली होती, तिनेच मोडायची." वहिनी कपात बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "नेसावीशी वाटते गं एकदा. आता हसणाराही गेला."

मी कप खाली ठेवला आणि थेट कोथरूड गाठलं.

हेमाच्या सोफ्यावर बसून मी सुरुवात केली. "ललितावहिनींच्या स्वप्नात तुमच्या सासूबाई आल्या. नऊवारी नेसून दारात फतकल मारून बसल्यात. म्हणतात, धाकटीने घडी मोडल्याशिवाय मी इथून हलायची नाही. दूधवाल्याला त्यांना ओलांडून जावं लागतं."

"दिगंबरराव," हेमा म्हणाली, "सासूबाई मेल्यावरसुद्धा माझ्यासाठी कोणाच्या दारात बसणार नाहीत. खरं काय ते सांगा."

खरं सांगायची मला सवय नाही, पण सांगितलं. हेमाने सोफ्यावरची उशी सरळ केली.

"मी काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतं," ती म्हणाली. "रोज नाही. पण त्यांच्या अंगावरचा तो मेला बिस्किटी रंग दिसला की आठवतं. चला, रिक्षा बोलवा."

वरच्या खोलीत ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मलमलच्या फडक्यातून साडी निघाली, आणि सांगतो, रंग तसाच होता. हेमाने ती दोन्ही हातांवर घेतली, वहिनींच्या पायाला हात लावला आणि घडी उलगडली.

फार आवाज झाला नाही. वाळलेलं पान चुरगळावं तेवढाच. पहिल्या घडीवर साडी उभी फाटत गेली. ओवीने सावरायला दुसरं टोक धरलं, तर दुसऱ्या घडीवर गेली. मग तिसऱ्या. काठांवरची जर काळी पडली होती. खाली सतरंजीवर राणी रंगाच्या पट्ट्या पडल्या.

"आजी, मी जोरात नाही गं ओढली!"

"तू नाही ओढलीस, बाळ."

"वहिनी," हेमा म्हणाली, "तुम्ही अख्ख्या पेठेला सांगायचात, घड्या बदला म्हणून."

"सांगायचे ना. हिला हात लावला नाही. म्हटलं, तू येशीलच कधीतरी."

पदर तेवढा बराचसा शाबूत होता. हेमाने तो उचलला, वहिनींच्या खांद्यावर टाकला आणि त्यांना आरशापुढे उभं केलं. पांढरे केस, सावळा चेहरा आणि त्याखाली तो रंग. या पेठेवर मी आजवर हजार थापा मारल्यात. त्या आरशात जे दिसलं, त्याला एकही थाप जोडता येईना.

"शोभतोय," हेमा म्हणाली.

"तेव्हाही शोभला असता का गं?"

मिरच्या लाल करणारी ती जीभ. या वेळी ती हळू चालली.

"शोभला असता. पदर माझ्या खांद्यावर होता आणि आरशात मागे तुम्ही उभ्या होतात, तेव्हाच दिसलं होतं मला. म्हणून तर बोलले."

वहिनींनी मान हलवली. पदर खांद्यावरून उतरवला आणि पट्ट्या गोळा करायला खाली बसल्या.

दोन दिवसांनी हेमा परत आली. लक्ष्मी रोडवर हिंडून तिने तशीच राणी रंगाची नवी पैठणी आणली होती, स्वतः दिवसभर घरात नेसून घडीही मोडली होती. वहिनींनी ती उलटसुलट पाहिली, काठावरून बोट फिरवलं, फॉल कोणी लावला ते विचारलं आणि परत हेमाच्या हातात ठेवली.

"छान आहे. तू नेस. मला ती हवी होती."

लग्नाला वहिनी बिस्किटी नेसूनच आल्या. हेमानेही राणी रंग नेसला नाही, साधी राखाडी साडी नेसून ती कोपऱ्यात खुर्चीवर बसली. कार्यालयात कोणी काही बोललं नाही. मीही तोंड आवरलं, ज्याची नोंद पुण्याने घ्यायला हवी होती.

ओवीची पाठवणी झाली तेव्हा वहिनींनी कमरेचा रुमाल काढला. चार बोटांचा राणी रंगाचा तुकडा, चारही बाजूंनी बारीक टाके घालून घेतलेला. त्या डोळे पुसू लागल्या. हेमाने पाहिलं आणि मान वळवली.

रेशीम पाणी टिपत नाही. वहिनी पुसतच राहिल्या.