ओल्या कागदावरचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. बुटांचा नव्हे, दिसतो तसा खरा. डुकराच्या राठ केसांचा, लांब दांड्याचा, सिसिलीतल्या एका डोंगरी गावच्या फादर गाएतानोंचा.

जुन्या दगडांवर ग्रीक आणि लॅटिन अक्षरं कोरलेली असत. फादर त्यावर ओला कागद पसरत आणि मी तो ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवी. वाळल्यावर कागद सोलला की अख्खा लेख उठून येई. ओला ओढला तर फाटे. फादरांची बहीण नुन्झिया म्हणे, "दादा, दगडांना रोज आंघोळ घालतोस. तुझी कधी?"

एकदा चर्चच्या आवारात खणताना एक शिळा निघाली. वर ग्रीक, खाली लॅटिन. असा दगड फादर जन्मभर शोधत होते. पण गावाला तिची चर्चसाठी पायरी करायची होती. गवंडी म्हणाला, "अक्षरं खाली जाणार, फादर. चुना कालवलाय. दुपारपर्यंत थांबतो."

कागद बसवून झाला आणि चर्चचा सेवक कालोजेरो धावत आला.

"फादर, शेवटच्या विधीचं पवित्र तेल घेऊन चला. अगातामावशींचं काही खरं नाही. तुम्हालाच विचारतायत."

"येतो. एवढा वाळू दे."

"तुम्ही व्हा पुढे. कागद मी काढतो."

"तू? तुला वेदीवरची मेणबत्ती सरळ लावता येत नाही!"

कालोजेरो हसला. फादरही हसले, आणि थांबले. ऊन चांगलं होतं. कागद अख्खा निघाला, एक अक्षर दुखावलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अगातामावशी गेल्या होत्या, हनुवटी रुमालाने बांधूनही झाली होती. मी फादरांच्या खिशातच होतो. मावशींचा मुलगा म्हणाला, "आलात, फादर? बसा. कॉफी घ्या." कोणी रागावलं नाही. फादरांनी कॉफी घेतली.

पुढे सगळं नेहमीसारखंच चाललं. प्रार्थना, जेवण, झोप. एकदा नुन्झिया म्हणाली, "दादा, आज सूपमध्ये मीठच नव्हतं. तू सगळं प्यायलास."

"नव्हतं का?"

पालेर्मोहून एक प्राध्यापक आले. "असा ठसा मी पाहिला नाही," म्हणाले. कोणा नवऱ्याने बायकोच्या थडग्यावर लावलेला दगड होता तो. फादर म्हणाले, "ठसा घेऊन जा." मला त्यांनी पुन्हा हातात धरलं नाही. नुन्झिया माझ्या केसांनी बटाट्यांची माती काढते. मला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी दगड गार लागे. आता तेही कळत नाही.

मित्रांनो, ब्रश वापरून झाला की धुवा, केस खाली करून वाळवा. एवढंच मागणार होतो. पण आणखी एक मागतो. कोणी बोलवायला आलं, तर हातातलं काम त्याच्याकडे द्या आणि निघा. तो ते फाडील. फाडू द्या.