मानेशी कापलेल्या वेली

सांतोरिनी बेटावर, ज्वालामुखीच्या राखेच्या उतारावर अर्गिरोच्या चाळीस द्राक्षवेली होत्या. जमिनीलगत टोपलीसारख्या वळवलेल्या, म्हणजे वारा वरून जावा आणि घड आत सुखाने निजावेत. टोपली म्हातारी झाली की ती मानेशी, मुळाच्या अगदी वर, कापायची. जुन्या मुळातून नवा कोंब येतो. पण एका हिवाळ्यात चार-पाचच कापायच्या, आणि तेही पाऊस पोटभर झाला असेल तर.

सलग दोन हिवाळे कोरडे गेले होते. तरी फेब्रुवारीत, द्राक्षमळ्यांचा राखणदार संत त्रिफोन याच्या सणाला पाद्रीबाबांनी मळ्यात तीर्थ शिंपडलं आणि दुसऱ्याच दिवशी अर्गिरोने करवत उचलली.

जमीन तिची आणि थोरल्या भावाची, याकोवोसची. ती विकत घ्यायला एक हॉटेलवाला त्याच्या मागे हात धुऊन लागला होता. याकोवोस म्हणाला होता, "वेली थकल्यात, पोरी. ईस्टरपर्यंत नवी हिरवळ दिसली तर विकायचं नाव काढणार नाही. नाही तर सही कर."

"सगळ्या कापतेस?" शेजारची कालिरोई बांधावरून ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे ना, बाई?"

"चार कोंबांनी दादा ऐकेल होय? अख्खा मळा हिरवा दाखवायचाय त्याला."

"आणि मुळाला ओल?"

"समुद्राचं धुकं येतंच की. शिवाय तीर्थ पडलंय."

"तीर्थ देवाचं गं, करवत तुझी."

अर्गिरो हसली आणि कापत गेली.

धुकं यायचं, पण त्याला अडवून धरायला टोपल्याच उरल्या नव्हत्या. ते उघड्या राखेवरून सरकत निघून जायचं. मार्चअखेर कालिरोईच्या वेली फुटल्या. अर्गिरो रोज गुडघे टेकून एकेक खुंट न्याहाळायची, ओठांत संताचं नाव. दक्षिणेचा गरम वारा सुटला, तेव्हा तिने घरातलं प्यायचं पाणीही नेऊन ओतलं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी याकोवोस आला. त्याने बोटांनी राख उकरली. मूळ हातात कडकन तुटलं, वाळल्या पावासारखं. दुसरंही. सातव्यानंतर तो थांबला.

"चारच कापल्या असत्यास तर छत्तीस जगल्या असत्या," तो म्हणाला.

"मग तू विकल्या असत्यास, दादा."

त्याने तुटलेलं मूळ खाली ठेवलं. "हो. विकल्या असत्या."

अर्गिरोने हातांची राख झटकली. "सही करते. पण हॉटेलवाल्याच्या खणायच्या यंत्राला आठ दिवस थांबायला सांग. मुळं मी काढीन."

"एकटी?"

"मारलीत मीच ना?"

याकोवोस कुदळ आणायला वळला.