कानाजवळच्या गाठीतली राखणदार

मित्रांनो, कानाच्या पाळीपुढे बोट ठेवा बघू. तिथं कातडीखाली इवलीशी गाठ असते, एरवी हाताला लागतसुद्धा नाही. तशाच एका गाठीत माझं बिऱ्हाड आहे. मी एक जुनी टी-पेशी आहे, रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींपैकी एक. आमचे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात. 'आमचे' म्हणजे काय, मी त्यांच्याच अंगात राहते! कानाशेजारी घर असल्यामुळे माणसांची बोलणी मला आयती ऐकू येतात. माझ्याशी मात्र कुणी बोलत नाही.

माझा जन्म हाडाच्या मगजातला आणि शिक्षण छातीतल्या थायमस नावाच्या शाळेतलं. शाळा भलतीच कडक! आपल्याच माणसावर हात उगारला की नापास, आणि नापास म्हणजे खेळ खलास. बहुतेकजणी तिथंच संपल्या. उरलेल्या प्रत्येकीला एकच चेहरा ओळखायची विद्या मिळाली. एकच! तो कधी भेटेल, भेटेल तरी का, हे कुणी सांगितलं नाही.

मग नुसती भटकंती. रक्तातून गाठीत, गाठीतून रक्तात. निरोपी पेशी जंतूंचे तुकडे घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "हा ओळखीचा का गं?" मी म्हणायची, "नाही बाई, पुढचीला विचार."

आजोबा शाळकरी होते तेव्हा त्यांना कांजिण्या आल्या. निरोपी पेशीनं तुकडा दाखवला आणि मी ओरडलेच, "हाच तो!" शेजारच्या मदतनीस टी-पेशीनं खूण केली, "मग थांबलीस का? नीघ!" एकीच्या दोन, दोनाच्या चार, बघता बघता आम्हा बहिणींची फौज उभी राहिली. काय दिवस होते ते!

आमचं काम मात्र विचित्र. विषाणू पेशीच्या आत दडून बसतो, बाहेरून दिसत नाही. पण ती बिचारी पेशी त्याचा एक तुकडा आपल्या दारात लावते. म्हणजे 'तो आत आहे, मला संपव'. मी तिला घट्ट मिठी मारते, भोक पाडते, आत विष सोडते. ती निमूट मिटते आणि शेजारणी वाचतात. मित्रांनो, मी जिला मिठी मारते ती उरत नाही. मग मला मैत्रीण मिळणार कुठून?

कांजिण्या ओसरल्या. घरात सगळं कौतुक गुलाबी मलमाचं झालं! काम संपलं तशा बहिणीही संपल्या. आठवण ठेवायला आम्ही मोजक्या मागे राहिलो, कारण चोर पुरता गेला नव्हता. तो डोळ्याकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाशी झोपला होता. तेव्हापासून मी राखण करते. थकले की स्वतःसारखीच एक घडवते आणि ओळख तिच्या हवाली करते. ती म्हणजे मीच.

वर्षं गेली. माझी शाळा आक्रसली, तिथं आता चरबी साचली आहे. नव्या मुली येईनाशा झाल्या. त्यात आजी गेल्या आणि आजोबांची झोपच उडाली. जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव. अंगातल्या आम्ही हळूहळू विरळ होत गेलो, आणि एके दिवशी नसेच्या मुळाशी तो जागा झाला.

आजोबांच्या उजव्या कपाळावर आग होऊ लागली, मग फोड आले. घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायच्या भिंगाचा पट्टा नेमका तिथूनच जातो! "पट्टा घासतोय," असं म्हणून त्यांनी खाली कापूस लावला आणि काम चालू ठेवलं. विषाणू डोळ्याकडे सरकत होता. भिंग लावायचा डोळा तोच. तो गेला तर आजोबांची घड्याळंच गेली. मी धावत होते, पण एकटीदुकटी किती पेशी तपासणार?

सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलगी आली.

"बाबा, घरात टोपी?"

"वारा लागतो."

"पंखा बंद आहे. काढा ती."

टोपी निघाली आणि ती किंचाळलीच.

"अगं, पट्ट्यानं झालंय!"

"आणि नाकाच्या शेंड्यावरचा फोड? तिथं कोणता पट्टा बांधता?"

नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकच नस जाते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी नाकावरचा फोड पाहिला आणि तडक डोळा तपासला. "नागीण आहे. वेळेवर आलात, डोळा वाचेल. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"त्याला जमाना झाला!"

"त्या गेल्या नव्हत्या, झोपल्या होत्या."

आजोबांनी कानापुढे बोट लावलं. "आणि ही गाठ? अजून एक दुखणं?"

"छे हो. तिथं तुमच्या टी-पेशी जमल्यात. इतकी वर्षं त्याच राखण करत होत्या. दमल्या असतील. तुम्ही झोपता का नीट?"

आजोबा टोपीशी चाळा करत राहिले. मी मात्र थरारले. माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं!

गोळ्यांनी विषाणूची वाढ रोखली. मुलीनं आजोबांना आपल्याकडे नेलं, वेळेवर जेवू घातलं, दिवा मालवून झोपवलं. इकडे पुन्हा एकीच्या दोन, दोनाच्या चार झालो. डोळा वाचला. आजोबा बरे झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नागिणीची लसही दिली, तेव्हा आणखी बहिणी आल्या. मग त्याही रीतीप्रमाणे गेल्या. गाठ निवळली. मी पुन्हा एकटी.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वेळेवर झोपवा, त्यांच्या लशीची आठवण ठेवा, टोपीखाली काय दडलंय तेही बघा. आत कुणीतरी एकटं राखण करत असतं.

परवा भिंग लावता लावता आजोबांचं बोट कानापुढे थांबलं. गाठ हाताला लागली नाही. ते पुटपुटले, "आहेस का गं अजून?"

आहे, आजोबा. आवाज पोचत नाही, पण आहे.