शनीनंतरचे देवमासे

आमच्या घरात शनीनंतर देवमासे येत. शाळेत बाईंनी विचारलं, शनीच्या पुढे कोण, तर मी छाती फुगवून ‘देवमासा’ म्हणून मोकळी झाले. वर्ग आठवडाभर खिदळत होता.

दोष पुस्तकाचा. बाबा छापखान्यात बाइंडर. त्याआधीच्या सुट्टीत तिथे दोन पुस्तकं बांधायला आली होती, एक ग्रहताऱ्यांचं, दुसरं समुद्रातल्या जीवांचं. बाबांनी घरी वर्णन केलं आणि दादाने आकाश मागितलं, मी समुद्र. दोन्ही विकत घेणं खिशाबाहेरचं. आम्ही मात्र हट्टाला पेटलो, जेवणावर रुसलो. बिघडलेली प्रत तेवढी कामगारांना फुकट मिळायची, पण बाबांच्या हातून काही बिघडतच नसे.

आणि नेमकं तेव्हाच बिघडलं. आकाशाच्या पुस्तकात युरेनसच्या जागी देवमाशांचा फर्मा, म्हणजे समुद्राच्या पुस्तकातली सोळा पानांची घडी, शिवली गेली. मालक चिडले, सोबत्यांनी बाबांचं नावच ‘देवमासा’ ठेवलं, आणि पुस्तक आमच्याकडे आलं. काय दिवस होते ते! पालथं पडून, डोक्याला डोकं लावून आम्ही वाचायचो. शनीची कडी ओलांडली की निळं पाणी. अजूनही आकाशाकडे बघताना वर कुठेतरी कुणी पोहतंय असं मला वाटतं.

बाबा गेल्यावर घर आवरताना ते पुस्तक ट्रंकेत सापडलं. दोघांनीही एकदमच हात घातला.

“मी थोरला,” दादा म्हणाला.

“मग थोरल्यासारखा वाग की!”

पन्नाशी उलटलेली माणसं आम्ही, पण कुणी मागे हटेना. शेवटी दादाने बाबांची सुरी काढली. “तारे मला, देवमासे तुला. मिटलं.” मला रडू येत होतं, तरी मी मान डोलावली.

त्याने पुठ्ठा सोडवला आणि थबकला. कॉलेजच्या सुट्ट्यांत बाबांच्या हाताखाली काम केलेला तो.

“हे बघ. सगळं पुस्तक मशीनने शिवलंय. फर्मा चुकून लागला असता तर तोही मशीननेच शिवला गेला असता. इथे टाके कापून हाताने पुन्हा घातलेत. ही गाठ बाबांची आहे.”

“म्हणजे मुद्दाम बिघडवलं?”

“आपण भांडू नये म्हणून,” दादा म्हणाला आणि सुरी ट्रंकेत टाकून दिली.

मला छापखान्याचं दार आठवलं. मी डबा घेऊन गेले की आतून कुणीतरी ओरडायचं, “ए देवमाशा, लेक आलीय रे तुझी!” आणि बाबा हसत हसत ओ द्यायचे.